देव्हाऱ्यातला लाकडी चमचा

पावसला रावजी मयेकरांच्या देव्हाऱ्यात गणपती, अन्नपूर्णा आणि एक हातभर लांब लाकडी चमचा आहे. दसऱ्याला गावात कोयते-कुदळी पूजतात, तेव्हा गोदा नवऱ्याच्या या चमच्यालाही हळदकुंकू वाहते, झेंडूचं फूल ठेवते. पाहुणा आला की रावजी खाकरून सांगायचे, "युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतला आहे." पाहुणा मान डोलवायचा. पुढे खोदून विचारण्याइतकं त्या खेळातलं गावात कुणालाच कळत नव्हतं, आणि रावजींचं सगळं त्यावरच निभावलं होतं.

खरी गोष्ट अशी. रावजी तीस वर्षं बोटीवर कुक होते. फेब्रुवारी उजाडला की बोटीवरच्या गोऱ्या साहेबांना रग्बीचं वेड लागायचं. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, फ्रान्स आणि इटली दरवर्षी एकमेकांशी भिडतात. साहेब लोक पैजेसाठी एकेक देश वाटून घेत आणि उरलेली इटली कुकच्या गळ्यात मारत. एका वर्षी इटली पाचच्या पाच सामने हरली. तळाला राहणाऱ्याला लाकडी चमचा मिळाला, अशी तिकडे थट्टा करतात. साहेबांनी रावजींच्याच भटारखान्यातला चमचा उचलला, तापल्या सळीने त्यावर स्पर्धेचं नाव कोरलं आणि टाळ्या वाजवत त्यांच्या हाती दिला. रावजीही हसले. घरी आल्यावर गोदाने विचारलं, "बक्षीस मिळाला काय?" त्यांनी नुसती मान हलवली. त्याला आता सोळा वर्षं झाली.

परवा हायस्कूलच्या क्रीडा समारंभाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, चमच्यासकट. शाळेतल्या मुली यंदा प्रथमच रग्बी खेळल्या होत्या आणि जिल्ह्यात सगळ्यांकडून मार खाऊन शेवटच्या आल्या होत्या. लांज्याच्या मुलींनी तर मैदानावरच हसून घेतलं होतं. कप्तान राही पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. रावजींनी ठेवणीतलं भाषण ठोकलं. मग खेळाच्या वेदिका बाईंनी चमचा हातात घेऊन अक्षरं वाचली. बाई हे सामने मोबाईलवर बघणाऱ्या. त्यांनी एकदम रावजींकडे पाहिलं आणि रावजींनी ओळखलं, बाईंना चमच्याचा अर्थ कळला.

बाईंनी चारचौघांत काही काढलं नाही. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काका, हा कशाबद्दल देतात ते तुम्हीच मुलींना सांगा ना. आज त्यांना फार बरं वाटेल."

किती सोपं होतं. 'मी पण शेवटचा', एवढे तीनच शब्द. राहीने मान वर केली होती. पण समोर सरपंच, शेजारीपाजारी, बायकांत बसलेली गोदा.

"मेहनतीबद्दल," ते म्हणाले.

बाईंनी चमचा परत दिला. रावजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात राही पाया पडायला आली. चमच्याकडे बोट नेलं आणि मागे घेतलं.

"शेवट आलेल्यांनी याला हात लावला तर चालंल काय ओ, आजोबा?"

"लाव," रावजी म्हणाले. तिच्याकडे मात्र त्यांना बघवेना.

घरी गोदाने चमचा पाटावर ठेवला, नवऱ्याला शेजारी बसवलं आणि मीठमोहऱ्या घेऊन दोघांची दृष्ट काढायला लागली. "येवढ्या लोकांच्या नजरा पडल्या आज," ती कौतुकाने म्हणाली. रावजींना ते सोसेना. त्यांनी तिचा हात धरला.

"अगो, थांब. तो बक्षीस नाय. मी शेवट आलो म्हणून थट्टेत दिलेला."

गोदा मूठ मिटून तशीच उभी राहिली. आता ही सोळा दसऱ्यांचा जाब विचारणार, असं त्यांना वाटलं. तिने मीठमोहऱ्या चुलीत न टाकता वाटीत परत ओतल्या.

"माझा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्या पोरीला सांगितलात काय?"