चोक, कंडेन्सर आणि ताकाची दोरी

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्पष्ट सांगून टाकलं होतं, "औंदा कायम झालीस तर बरं. न्हायतर सोड ती नोकरी. गोठ्यात काय काम कमी हाय व्हय?"

कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवत होते. तास झाला तर पगार, सुट्टी लागली की ठणठण गोपाळ. पहाटे उचगावातल्या सासरच्या घरी ताक घुसळायचं आणि मग बस पकडायची. मला शिकवणं मनापासून आवडायचं, आणि ते सुटलं असतं तर मी आतून पार कोमेजले असते, हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

अशात एक कायमची जागा निघाली. प्राचार्य म्हणाले, "बारावीवर एक पाठ घ्या. मी मागं बसून बघतो." विषयही त्यांनीच दिला, एसी सर्किट.

आदल्या दिवशी मी मांडणी करून बघितली. ट्यूबलाइटचा जुना चोक, दिरांनी दिलेला मोटरीचा कंडेन्सर आणि एक छोटा बल्ब, तिन्ही एका माळेत. ट्रान्सफॉर्मरमधून बारा व्होल्ट दिले. चोकवर मीटर लावला, तर काटा चाळिसावर. कंडेन्सरवर लावला, तरी चाळीस.

प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी मान वाकडी करून काट्याकडं बघितलं. "मॅडम, मीटर गंडलाय. सायबांसमोर हसं व्हईल. हितं चार, तितं चार, बल्बवर चार असं सांगून टाका की. बेरीज जुळली की कोण इचारतंय?"

जुळवणं हा आमच्या प्रयोगशाळेतला जुना रिवाज. पोरं आधी उत्तर लिहायची आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंगं. मला त्याची भारी चीड होती. शिवाय मीटर बरोबर होता. चोकचा दाब वर चढतो तेव्हा कंडेन्सरचा उलट्या बाजूला जातो, आणि दोघं मिळून एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात. हे मला कळत होतं, पण पोरांच्या गळी उतरवता येत नव्हतं. बाणांच्या आकृत्या काढल्या की वर्ग झोपायचा.

पाठ मुद्दाम सकाळी ठेवला, कारण त्या दिवसांत लोडशेडिंग दुपारी असायचं. वायरमनला गाठून खात्रीही करून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात चोकवर मीटर लावला, काटा चाळिसावर गेला आणि दंगा उसळला.

"मॅडम, मीटर गेला!"

"बारा देऊन चाळीस? ह्ये कुठलं दुकान हाय, आमालाबी सांगा की!"

मागच्या बाकावर प्राचार्य चष्मा पुसत होते. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, बल्ब विझला, काटा शून्यावर येऊन बसला. त्या वायरमनला मी मनातल्या मनात घातलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. आत्याबाईंचं बोलणं कानात वाजायला लागलं होतं.

भिंतीवरच्या तक्त्याची दोरी सुटून लोंबत होती. तिच्याकडं बघता बघता मला पहाटेचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. मी दोरी ओढून काढली, तक्ते दाखवायची काठी पहिल्या बाकावरच्या मुलीला उभी धरायला लावली, दोरीचे दोन वेढे काठीला दिले आणि सरळ ताक घुसळायला लागले.

वर्ग खो खो हसला. मी चिडून म्हणाले, "हसा, पण हात बघा. उजवा किती मागं आला?"

"वीतभर."

"आणि डावा?"

"वीतभर पुढं."

"बेरीज?"

"शून्य."

"म्हणजे माझे हात हललेच नाहीत?"

"हलले की!" पाच-सहा जण एकदम ओरडले. मघाचा दुकानवाला हळूच उभा राहिला. "म्हंजे चोक उजवा हात आनि कंडेन्सर डावा. मीटर एकेका हाताचं सांगतोय."

"मग आपले बारा व्होल्ट कुठं गेले?" काठी धरलेल्या मुलीनं विचारलं.

"ताकाकडं," मी म्हणाले. "ताक रवीला अडवतं, म्हणून फिरवायला जोर लागतो ना, तो. आपलं ताक म्हणजे बल्ब, आणि थोडी चोकची तार."

तास संपायच्या आत वीज आली. लोडशेडिंग नव्हतंच ते, कुठं तरी फ्यूज उडाला होता. वायरमनची मी मनोमन माफी मागितली. आता चोक आणि कंडेन्सर दोन्हींवर मिळून एकच मीटर लावला. काटा जेमतेम हलला. पोरांनी बाकं बडवली.

प्राचार्य जवळ आले. "ताक रोज करता?"

"हो सर. सासरी, सकाळी."

"मग आता घरात दुसरं कोण तरी बघा. कायमच्या माणसाला इथं सकाळी सातला यावं लागतं."

मला त्यांचं बोलणं कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा पाय इतके हलके झाले, की बसस्टॉपपर्यंत मी चालत गेले की पळत, ते आठवत नाही.

संध्याकाळी आत्याबाईंना सगळं सांगितलं. सातचंही सांगितलं. त्या बादली उचलून म्हशीकडं गेल्या. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.

पहाटे सवयीनं उठून स्वयंपाकघरात गेले, तर दोरी आत्याबाईंच्या हातात होती आणि ताक निम्मं झालं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"हुबी काय ऱ्हायलीस? आवर की. बस जाईल."