सिरीयस हाय, निघून या

मरणाबद्दल माणसांना काय वाटतं, या मानसशास्त्राच्या पाहणीसाठी मी बिलोली तालुक्यातल्या एका गावात दगडोबांच्या ओट्यावर फॉर्म घेऊन बसले होते. पहिला प्रश्न होता, मृत्यूची बातमी सरळ सांगावी का?

"हाव, सरळच सांगावी," दगडोबा चटकन म्हणाले.

हाच माणूस तीस वर्षं गावातल्या मयतीचे निरोप देतो. आधी सायकलवर जायचा, आता फोन करतो. पण 'गेले' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. त्याचं वाक्य ठरलेलं आहे, "लई सिरीयस हाय, निघून या." ऐकणारे काय ते समजतात आणि रडतच गाडीत बसतात.

मागच्या वर्षी त्यांच्या पत्नी, गोदावरीबाई, खरोखरच आजारी पडल्या. दगडोबांनी हिमायतनगरला मेहुण्यांना फोन लावला आणि तेच वाक्य म्हणाले. दुसरं त्यांना येतच नव्हतं. सवाष्ण बहीण गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालतात. ती हिरवी साडी घेऊन मेहुणे दुपारी दारात हजर झाले, तेव्हा गोदावरीबाई बाजेवर बसून ताक-कण्या खात होत्या.

दगडोबांचं सांगून होतंय तोच त्या चहा घेऊन आल्या. मी त्यांनाही विचारलं, मरणाची भीती किती वाटते, एक ते पाचमध्ये सांगा.

त्यांनी अंगावरच्या हिरव्या साडीचा पदर माझ्यापुढं धरला.

"बघा की. इतक्यांदा धुतली, रंग गेला न्हाई."