चोथ्यातलं तेल

झुंबरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या टोमॅटोच्या चोथ्यात घोट्यापर्यंत रुतून उभ्या होत्या आणि खुद्द मालकाला सुनावत होत्या.

मालक म्हणजे दादाभाऊ. महाळुंगे पडवळच्या शिवारात त्यांचा टोमॅटोचा गर काढायचा कारखाना आहे. नारायणगावच्या बाजारात भाव पडला की क्रेटच्या क्रेट टेम्पोत भरून इकडं येतात. गर डब्यांत जातो आणि मागं उरतो साली-बियांचा ओला चोथा, दिवसाला दोन-तीन टन. दुसऱ्या दिवशी त्याला असा वास सुटतो की कुत्रंसुद्धा वळसा घालून जातं. कारखान्यामागचा खड्डा त्यानं काठोकाठ भरला होता. आता दादाभाऊ नवा खड्डा घेणार होते, तो वरच्या अंगाला, आणि त्याच्या खाली दोनशे पावलांवर झुंबरबाईंच्या वस्तीची पिण्याच्या पाण्याची विहीर होती. जुन्या खड्ड्याच्याच पाझरानं त्या पाण्याला अधूनमधून आंबूस वास यायला लागला होता.

"शेठ, आमच्या हिरीच्या डोक्यावर तुमी घान आनून टाकनार, आन आमी पोरांना त्येच पाजायचं व्हय?"

"झुंबरबाई, कामाला माझ्याकडंच हायेत तुमी. जरा बेतानं."

"कामाला हाय म्हनून तर सांगते. ती घान वढून वढून माझेच हात आंबलेत."

बाई मला तिथंच आवडली. जुन्नरच्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पगार देणाऱ्याला तोंडावर खरं सांगणारी माणसं मला तेवढ्या काळात दोनच भेटली, आणि त्यांत मी नव्हतो.

मी तिथं गेलो होतो हर्षालीमुळं. ही माझी जुनी विद्यार्थिनी, फूड टेक्नॉलॉजी शिकून या कारखान्यात लागलेली. टोमॅटोच्या बीमध्ये शेकडा वीसच्या आसपास तेल असतं, ते एन्झाइम वापरून काढायचं तिच्या मनात होतं, आणि नोंदी ठेवायला तिला भरवशाचा माणूस हवा होता. निवृत्त मास्तरला कुणी कामाला बोलावलं तर तो एस्टीच्या अर्धा तास आधी स्टँडवर उभा असतो. मीही होतो.

आमच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणायचे. दरवर्षी मी फळ्यावर व्याख्या लिहायचो, पोरं ती पाठ करायची आणि परीक्षेनंतर विसरायची. पालथ्या घड्यावर पाणी. पण खरं सांगायचं तर विकर काम करताना मीही कधी पाहिलं नव्हतं. हर्षालीनं ते दाखवायचं ठरवलं होतं. बी वाळवून दळायची, पाण्यात कालवायची, त्यात विकरं घालायची. ती बीच्या पेशींच्या भिंती पोखरतात आणि आत अडकलेलं तेल मोकळं होतं. तेलघाणा नको की रसायन नको. लागतं फक्त ठरावीक ऊब राखलेलं पाणी आणि सहा तासांचा धीर.

दादाभाऊंनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "सोमवारी जेसीबी येतोय. त्याच्या आत मला तेल दाखवा. दिसलं तर सगळा चोथा तुमचा, खड्डा रद्द. न्हाई दिसलं तर पुन्यांदा माझं डोकं खायाचं न्हाई."

हर्षालीला मदतनीस हवा होता. झुंबरबाई आपणहून पुढं आल्या.

"मला घ्या ताई. हीर माझी हाय."

पंचावन्नच्या पुढचं वय, दिसायला वाळक्या काटकीसारख्या, पण कामाला वाघ. चोथा हौदात टाकून ढवळला की साली वर तरंगतात आणि बी तळाला बसते. दोन गडी दिवसभर करतील तेवढं काम त्यांनी दुपारपर्यंत उरकलं. बी सुपानं पाखडली, पत्र्यावर वाळवली. साली वेगळ्या पसरल्या, "ह्या म्हशी खातील" म्हणून. आणि हे करताना आपल्याला तेलातलं सगळं कळतं हेही त्यांनी मला दोन-तीनदा ऐकवलं. ते खोटं नव्हतं. वस्तीत कुणाचीही लेक बाळंत झाली की एरंडेल झुंबरबाईंच्या घरचंच जायचं. एरंडाच्या बिया भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात रटरटा उकळायच्या आणि वर येणारा तवंग पळीनं काढायचा. ही विद्या त्यांना सासूनं दिली होती. सासूनं चांगलं एवढंच दिलं, असंही त्या वर सांगायच्या.

घोळ झाला तो या विद्येमुळंच.

बुधवारी पहिला घाणा लावला, म्हणजे स्टीलच्या मोठ्या पिंपात बीचं पीठ आणि पाणी कालवून हर्षालीनं विकरं घातली. पुण्याहून आणलेली तपकिरी बाटली होती ती. दोन घाण्यांपुरताच माल. पिंपाला साधा हीटर, चालू आणि बंद एवढंच कळणारा. "पन्नासच्या वर जाऊ द्यायचं नाही," असं बजावून हर्षाली ऑफिसात गेली आणि मी डबा खायला गेलो. परत येतो तर पिंप रटरट उकळतंय आणि झुंबरबाई हातात पळी घेऊन तवंगाची वाट बघतायत.

"कोमट पान्यानं कधी त्याल सुटतं का सर? म्हनलं जरा जाळ वाढवावा."

विकरं मेली होती. अर्धी बाटली गेली. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. चार बायांसमोर मी त्यांना अडाणी म्हणालो. आज हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते. आवाज ऐकून हर्षाली ऑफिसातून धावत आली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. झुंबरबाईंनी पळी खाली ठेवली.

"चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. बस्स. सबब नाही, रडणं नाही. पिंप ओतून दिलं, घासलं, पालथं घातलं. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, त्ये औषद जित्तं हाय का?"

"नाही. जिवंत नसतं ते."

"मग उकळल्यानं मेलं कसं?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नव्हता.  शेवटी अंडं मदतीला आलं.

"अंडं एकदा उकडलं की पुन्हा पातळ होतं का? गार केलं तरी?"

"न्हाई."

"तसंच. उष्णतेनं त्याची आतली घडण बिघडते. मग ते असून नसल्यासारखं."

त्या विचारात पडल्या. "आसं सांगायचं व्हतं ना आदी. नुसतं पन्नास पन्नास करत व्हता तुमी दोघं. पन्नास म्हंजी काय, आन वर गेलं तर काय बिघडतं, त्ये कोन सांगनार?"

बरोबर होतं. आम्ही आकडा सांगितला, कारण सांगितलं नव्हतं. मास्तर मी, आणि धडा मला.

शनिवारी सकाळी आठला उरलेल्या विकरांचा घाणा लावला. झुंबरबाई पिंपाशेजारी पोत्यावर बसल्या. थर्मामीटर बघायचा, मग वाटीभर पाणी काढून त्यात बोटं बुडवायची आणि किती मोजेपर्यंत सोसतं ते ध्यानात ठेवायचं, असं त्यांनी चालवलं. तासाभरात बोटांनीच त्यांना कळायला लागलं. हीटर बंद, चालू, बंद. लाकडी उलथन्यानं सावकाश ढवळायचं. मी चहा नेला तर म्हणाल्या, "ठिवा तिथं." दोन वाजता चहा तिथंच होता, वर साय धरून. सहा तासांत बाई एकदाही उठली नव्हती. आकड्यांच्या तक्त्यात माझ्या पेन्सिलनं एकदाही सेहेचाळीसच्या खाली की पन्नासच्या वर लिहिलं नाही.

दोन वाजता ढवळणं थांबवलं. पीठ खाली बसू लागलं. आम्ही तिघं पिंपावर वाकून बघत राहिलो. वर तेल नव्हतं. बोटभर जाडीचा पिवळट, लोण्यासारखा थर आला होता.

हर्षाली मटकन खुर्चीवर बसली. तेल सुटलं होतं, पण पाण्याशी घट्ट मिसळून बसलं होतं. ते फोडायला जोरात फिरणारं यंत्र लागतं, आणि तसलं यंत्र पुण्यात. दादाभाऊ चारला येणार होते. लोण्यासारखं काहीतरी दाखवून हे तेलच आहे म्हणून त्यांना पटवणार कोण? मला तर सोमवारचा जेसीबी डोळ्यांसमोर दिसायला लागला.

 बोटाच्या टोकानं झुंबरबाईंनी तो थर उचलला, चोळला, वास घेतला. माझ्याकडं पाहिलं, मान खाली घातली. पुन्हा पाहिलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि या बाईचं तोंड मीच पोळलं होतं.

"बोला झुंबरबाई," मी म्हणालो.

"नको. तुमी पुन्ना रागवाल."

"नाही रागवणार. बोला."

"ताई, औषदाचं काम संपलं का आता?"

"संपलं मावशी," हर्षाली म्हणाली. "जे करायचं ते त्यानं केलंय."

"मंग आता त्ये मेलं तरी चालंल?"

हर्षाली खुर्चीवरून अशी उठली की खुर्ची मागं पडली.

"ह्ये लोनी हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "लोनी कडवल्याबिगार तूप हुतं का? आता जाळ लावा."

बुधवारी ज्या गोष्टीनं घाणा नासला, तीच शनिवारी करायची होती, फक्त वेळेवर. बाईला ते कळलं होतं, कारण तिनं कारण विचारून घेतलं होतं. आमच्या दोघांच्या पदव्या तिथं भिंतीला टेकून उभ्या होत्या.

कॅन्टीनमधून पातेलं आणि शेगडी आली. थर पळीनं अलगद काढून पातेल्यात घातला. आधी नुसता फेस. मग तडतड सुरू झाली, पाणी उडून जायला लागलं. झुंबरबाई कान देऊन ऐकत होत्या. तडतड मंदावली तशी त्यांनी शेगडी बारीक केली, आणि तळाशी तपकिरी बेरी बसून वर निघालं नारिंगी, पारदर्शक तेल. फडक्यातून गाळलं तर काचेची बाटली जवळजवळ भरली. हर्षालीनं झुंबरबाईंना मिठी मारली. मी चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

दादाभाऊ आले. बाटली उजेडात धरली, तेल बोटावर घेऊन चाटलं. "ह्ये आपल्या चोथ्यातलं?" असं त्यांनी तीनदा विचारलं. माणूस पैशाला पक्का, पण शब्दालाही पक्का निघाला. तिथंच फोन लावून त्यांनी जेसीबीवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. झुंबरबाई त्यांच्या समोर गेल्या.

"आन जुना खड्डा?"

"त्यो बी उपसतो, बाई."

"कधी?"

"सोमवारी," दादाभाऊ हात जोडून म्हणाले.

खड्डा उपसला गेला. चोथा आता ओला असतानाच तेल काढायच्या शेडमध्ये जातो आणि त्या शेडवर झुंबरबाईंच्या हाताखाली सहा बाया आहेत. नवीन बाईला त्या आधी आकडा सांगत नाहीत, अंड्याची गोष्ट सांगतात. मला विचाराल तर माझ्या सगळ्या नोकरीत विकरांचा धडा असा कुणी शिकवला नाही.

वस्तीनं विहीर दोनदा उपसली. पाऊसकाळ गेला, नवे झरे फुटले. हर्षालीनं पाण्याची बाटली तपासणीला धाडली आणि पाणी पिण्याजोगं असल्याचा कागद आला. त्या दिवशी मी मुद्दाम महाळुंग्याला गेलो. विहिरीवर बायापोरं जमली होती, प्रत्येकाच्या हातात हंडा नाहीतर कळशी, पण पाणी कुणी भरत नव्हतं. कागद सगळ्यांनी पाहिला होता. तरी पहिला घोट घ्यायला कुणाचं मन धजत नव्हतं. शेवटी मी तांब्या पुढं केला, तोही भिडेपोटीच.

झुंबरबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"थांबा सर. पानी सुदरंल असा शब्द मी दिलाय समद्यांना. आदी मी पिते."

त्यांनी पोहरा ओढला, तांब्या भरला आणि सगळ्यांच्या देखत उभ्यानं गटागटा रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं. मग तांब्या पुन्हा भरला आणि शेजारणीच्या सुनेच्या कडेवरच्या पोराच्या ओठाला लावला.