निशिगंध खोलीबाहेर

लतासिस्टर गेल्याचं मला वर्गात कळलं. मुलांना निबंध लिहायला देऊन टेबलाशी बसले होते, फोन थरथरला... आमच्या केमोवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, सिस्टर पहाटे हार्ट अटॅकनं गेल्या. मला आधी रागच आला. नंबर आमच्यापैकी कुणाचा तरी होता, यांनी मध्येच रांग मोडली. आता महिना होत आला. रडून झालंय, म्हणून लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वी मला स्तनाचा कॅन्सर झाला. नाशिकच्या ज्या हॉस्पिटलात उपचार घेत होते, तिथे सकाळी जायचं, खुर्चीत बसून सलाईनमधून केमो घ्यायची आणि संध्याकाळी घरी. लतासिस्टर त्या डे केअरच्या मुख्य नर्स. ठेंगण्या, आवाज खणखणीत. पेशंट घरी गेला की खरं काम सुरू होतं, असं त्या म्हणायच्या. दोन-तीन दिवसांनी, अंगातलं बळ पार गेलेलं असताना, त्यांचा फोन यायचाच. "कशा आहात" असं त्या कधी विचारत नसत, कारण त्यावर सगळे "ठीक आहे" म्हणूनच मोकळे होतात. आज काय जेवलात, ताटात किती उरलं, एवढंच विचारायच्या.

आमचं घर मखमलाबादकडे मळ्यात आहे. निशिगंध आणि शेवंतीवर घर चालतं. माझ्या खोलीला औषधांचा वास येतो म्हणून सासूबाई रोज पहाटे बाजारात जाणाऱ्या मालातल्या चांगल्यात चांगल्या काड्या निवडून माझ्या उशाशी ठेवायच्या. आणि दुसऱ्या केमोनंतर मला नेमका तोच वास सहन होईना. पाण्याचा घोटही टिकायचा नाही. पण सांगणार कसं? इतक्या मायेनं फुलं ठेवणाऱ्या बाईला "तुमच्या फुलांनी मला ओकारी येते" असं म्हणायला जीभ रेटेना. त्यापेक्षा पुढची केमोच घ्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं. आज हसू येतं, पण तेव्हा मी अगदी गंभीर होते. जिवावर उदार होऊन दुसऱ्याचं मन राखणाऱ्या बायका आमच्याकडे घरोघरी सापडतील.

सिस्टरांचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं की आता नको, झेपत नाही. त्यांनी वाद घातला नाही. कारण विचारलं, तर मी विषय बदलला. मग म्हणाल्या, सासूबाईंना द्या फोन.

सासूबाई काकुळतीला आल्या होत्या. "काय खात नाय हो ती. एवढा चांगला निशिगंध ठेवते मी उशाला, तरी तिला बरं वाटंना."

फोन स्पीकरवर होता. निशिगंधाचं ऐकताच सिस्टर म्हणाल्या, "आजी, एक नियम तुम्हाला सांगायचा राहूनच गेला. केमोच्या पेशंटच्या खोलीत ताजी फुलं ठेवायची नसतात. जंतू असतात त्यात. चूक माझी आहे."

नियम खरा होता. पण सगळं खापर आपल्या माथी घेऊन त्यांनी तो ज्या हळुवारपणे आमच्या घरात आणला, त्याला तोड नाही. फुलं त्याच दुपारी पंपाच्या खोलीत गेली. ताप मोजायचं काम सिस्टरांनी सासूबाईंवर सोपवलं आणि मग त्यांना असा काही चेव चढला की देवाचं फूल घेऊन आलेल्या माझ्या मावशीलाही त्यांनी दारातूनच परतवून लावलं. मला हळूहळू पेज जाऊ लागली, मग मऊ भात. पुढची केमो मी घेतली. उरलेल्याही घेतल्या. आज मी मुलांचे निबंध तपासते आहे, ते त्या एका फोनमुळे.

परवा तपासणीसाठी डे केअरमध्ये गेले. आत पाऊल टाकवत नव्हतं. तिथे आता सिस्टरांच्या हाताखाली तयार झालेली रेश्मा काम बघते. सिन्नरकडची एक बाई खुर्चीत होती, नवरा शेजारी. डॉक्टर विचारून गेले, तर म्हणाली ठीक आहे. रेश्मा मात्र तिथेच रेंगाळली. काल ताटात काय होतं, असं तिनं विचारलं, तशी बाई नवऱ्याकडे बघू लागली. रेश्मानं त्याला औषधं आणायला खाली पाठवलं. मी कान टवकारून बसले होते, जणू माझाच निकाल लागायचा होता. बोल गं बाई, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

मग ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "त्यांनी कधी चूल पेटवली नव्हती. आता रोज पहाटं उठून माझ्यासाठी मेथीची भाजी करत्यात. अन् मला फोडणीचा वास आला तरी उलटी होती... कसं सांगू त्यांला?"

रेश्मा स्टूल ओढून तिच्याजवळ बसली. "त्यांना मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त मला सांगत जा."