दुपारी दीडनंतर दिसेनासा होणारा कारखाना

मागच्या मोसमात आमच्या मूर्तींच्या कारखान्यातल्या नव्या साच्यातल्यासारखाच गणपती आमच्याच जोहे गावातल्या दुसऱ्या कारखान्यात दिसला. आमची पहिली मूर्ती विकली जायच्या आधी. बाबांनी सोडून दिलं, पण मला राहवेना. साचा बाहेर गेला तो आतल्याच माणसाने नेला असणार, आणि कारखान्यात एकटं बसणारा माणूस एकच: डोळ्यांची आखणी करणारे काका. पंधरा वर्षं आमच्याकडे होते.

मी रोह्याला कंपनीत, लॅबमध्ये. तिथून लक्ष ठेवता यावं म्हणून कारखान्यात दोन कॅमेरे बसवून घेतले. रेकॉर्डिंगचा डबा तेवढा घेतला नाही. आमच्या इंटरनेटचा नंबर बदलता असायचा, म्हणून नेटवाल्याने डायनॅमिक डीएनएस लावून दिलं. म्हणजे एका सेवेवर आमच्या नावाचा पत्ता घेतला. नंबर बदलला की राउटर त्या सेवेला कळवणार आणि मी मोबाईलवर ते नाव उघडलं की कारखाना दिसणार.

तीन आठवडे छान दिसला. मग दुपारी बंद पडू लागला. मी वेळा टिपून ठेवल्या. बाबा एकला जेवायला घरी जात, दीडच्या सुमारास चित्र जाई, ते दुसऱ्या दिवशी सकाळीच परत येई. आता आणखी काय पुरावा हवा होता?

"बाबा, राउटरला कोणी हात लावतं का?"

"नाय गो. कोण लावनार?"

"काका?"

"त्यांचा काय संबंध?" म्हणून बाबांनी फोन ठेवला.

एका मंगळवारी रजा टाकली. कोणाला न सांगता सकाळची गाडी पकडली, पेणला उतरून एसटीने जोह्याला गेले. गाडीत निडी स्टेशनापासून मनात एकच चाललं होतं, त्यांना पकडल्यावर काय बोलायचं. बाबा जेवायला गेले असतील अशा बेताने एक वाजून गेल्यावर दारात पोचले. काका एकटेच, एका मूर्तीच्या चेहऱ्यासमोर ब्रश धरून.

"बाय, तू? आज कंपनी नाय?"

"राउटर बघायला आले," मी म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.

मोबाईलवर कारखाना व्यवस्थित दिसत होता, त्यात मीही. दीडला पंखा थांबला. वीस मिनिटांनी वीज आली, राउटरचे दिवे लागले, नेट चालू झालं. मोबाईलवर मात्र चित्र नाही. मी राउटरच्या पानावर गेले. राउटरला नवा नंबर मिळाला होता, आणि आमचं नाव अजून सकाळच्याच नंबरकडे बोट दाखवत होतं. खाली सेटिंग सापडलं: सेवेला कळवायचं दिवसातून एकदा, पहाटे.

तरी मी विचारलं, "लाईट रोज जाते?"

"रोज. रस्त्याला खांब बदलतात ना. दीडला जाते, दोनच्या आत येते." त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. "बाबांनी परवा विचारलं मला, राउटरला हात लावता काय म्हणून. तुला वाटलं मीच बंद करतो. व्हय ना?"

मी मान खाली घालून दर पाच मिनिटांचं सेटिंग केलं. राउटरची पिन काढून परत लावली. काही मिनिटांत मोबाईलवर कारखाना आला. काका पाठमोरे बसले होते.

"काका, चुकलं माझं."

"काम झालं ना तुझं? मग जेवून जा घरी."

तो मोसम त्यांनी पुरा केला. यंदा आले नाहीत. हमरापूरच्या एका कारखान्यात लागलेत. बाबा माझ्याशी त्यावर एक शब्द बोलत नाहीत. साचा कोणी दिला ते कधीच कळलं नाही. पण काका सोडून गेल्याचं कळलं त्या क्षणी माझ्या मनात आधी आलं ते हेच: बघ, चोर निघाला ना! त्यानंतर लाज वाटली. दोन्ही खरं आहे.