सरपणाचा माचा आणि गंगूबाईची चूल

मित्रहो, आज सकाळचीच गोष्ट आहे आणि राग अजून उतरलेला नाही. पत्र वाचून पुढच्या घरी द्या.

परसात मी स्वतः सरपणाचा माचा केला. वाळवी लागू नये म्हणून खाली दगड, त्यावर आडव्या बल्ल्या, वर गवताचं छप्पर. कापूस वेचून उपटलेली वाळकी झाडं, म्हणजे साऱ्या पऱ्हाट्या, शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, गाडीनं आणून त्यावर रचल्या.

तेवढ्यात आमचा कापूस वेचणारी गंगूबाई रिकामा दोर घेऊन दारात आली.

"मालक, धुऱ्यावरच्या पऱ्हाट्या कुठी गेल्या? दरसाली आमीच नेतो ना? आता चूल कायनं पेटवू?"

मी बोलायच्या आत शेजारचे पाटील कुंपणावरून ओरडले, "काहून वं, शेत तुह्या बापाचं हाये का?"

"बापाचं असतं, तर तुमच्या दारात आली असती का मी?" असं म्हणून ती निघून गेली. पाटील हसले. आणि मीही हसलो!

पाटलांचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा. विलायतेत कापसाला चढलेल्या भावापायी धुऱ्यावरच्या बाभळी तोडून आम्हीच तिथवर कापूस पेरला. तिनं लाकूड आणायचं तरी कुठून?

दुपारी अर्धी रास तिच्या दारात नेऊन टाकली. ती म्हणाली, "मालक, दान देल्लं म्हून गावात सांगू नका. हे आमचंच होतं."

तुमच्या शेतातल्या पऱ्हाट्या यंदा कोणाच्या घरी गेल्या? खरं लिहा.