हाक येईपर्यंत

पुतळ्याच्या तोंडावर मी तोंड ठेवलं तेव्हा माझ्या मागे रांग होती. श्वास देऊन उठले तेव्हा मागे कुणी नव्हतं.

रांग मोडली नव्हती. मागे सरकली होती. धुळ्याच्या जलतरण तलावाची ओली फरशी, तिच्यावर उताणा पडलेला रबरी पुतळा, शेजारी गुडघे टेकलेली मी आणि मग बरीच रिकामी जागा. प्रशिक्षण होतं बुडणाऱ्याला वाचवण्याचं. तापीकाठच्या गावांतून स्वयंसेवक बोलावले होते. सणासुदीला घाटावर उभं राहायचं, कुणी बुडायला लागलं तर बाहेर काढायचं. प्रत्येकाने आपली पाळी झाली की पुतळ्याचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, असा नियम होता. मी बोळा उचलला.

आमच्याच गावचा एक जण रांगेतून म्हणाला, "बोळावर भागस का? बठ्ठी बाटली वत."

बोळ्याने काय होतं, सगळी बाटलीच ओत, म्हणे. सगळे हसले. दुसरा म्हणाला, "मढंकाढ्यानी पोर शे ती, भो. तिनं उष्टं माले नको."

सरांनी शिट्टी वाजवली. सर बाहेरगावचे. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "वाद नको. उद्यापासून तू शेवटी करत जा. तुला शिकण्याशी मतलब ना? मग नंबर कुठला का असेना."

मी म्हणाले, "हो, सर."

हे दोन शब्द इथे मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं त्यात त्यांचा वाटा आहे.

माझे वडील, आबा, तापीतून प्रेतं काढतात. आमची भिल्लांची वस्ती शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला, घाटाला लागून आहे. घाटावर कुणी जोरात बोललं तरी आमच्या ओट्यावर ऐकू येतं.

कुणी बुडालं की गाव आधी स्वतः शोधतं. पोहणारी पोरं उतरतात. बाया देवाला नवस बोलतात. वस्तीवर निरोप येत नाही. कारण आबाला बोलावणं म्हणजे माणूस गेला असं कबूल करणं. आस आहे तोवर मढंकाढ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, अशी रीत आहे. आस सुटली की हाक येते. मग आबा दोर आणि गळ घेऊन जातो. प्रेत काढून दिलं की त्याने घाटाच्या पायऱ्यांनी वर यायचं नाही. काठाकाठाने, झुडपांतून निघून जायचं. एक नारळ आणि एक बाटली त्याच्यासाठी बाजूला ठेवलेली असते.

आजूबाजूच्या गावांत आबाइतका वेळ पाण्याखाली राहणारा माणूस नाही. बुडालेली माणसं त्याने आयुष्यभर काढली. बुडणारा माणूस त्याने कधी पाहिलेला नाही.

एकदा तो हाकेशिवाय गेला. मी तेव्हा शाळेत जायला लागले होते. घाटावरचा आरडाओरडा ऐकून तो जेवणावरून उठला, धावत गेला, उडी मारली आणि एका माणसाला वर घेऊन आला. माणूस संपलेला होता. त्याच्या भावांनी आबाला तिथेच, चिखलात मारलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "आम्हीन आस सोडी नव्हती. तू उना अन् तो गया."

आबा कित्येक दिवस कुशीवर झोपू शकला नाही. तेव्हापासून घरात एक नियम झाला. तो आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झाला. "हाक उनी का जावानं. तेना पहिले नही."

मी शिंदखेड्यात औषधांच्या दुकानात काम करते. स्वयंसेवक हवेत असं कळलं तेव्हा मीच जाऊन नाव दिलं. घरातल्या कुणीतरी एकदा जिवंत माणूस बाहेर काढावा, एवढंच मला वाटत होतं. आबाला सांगितलं. तो गळाची दोरी वळत होता. मान वर न करता म्हणाला, "जित्ता मानूस धरी लेस म्हनतस."

म्हणतात. जिवंत माणूस कसा धरून ठेवतो ते त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं.

सरांनी शिकवलं मात्र चांगलं. आधी काठी पुढे करायची. ती पोचत नसेल तर दोर फेकायचा. मग होडी. यातलं काहीच चालत नसेल तर स्वतः उतरायचं, तेही समोरून नाही. बुडणारा समोरच्याला मिठी मारतो. पाठीमागून जायचं, हनुवटी धरायची, तोंड पाण्यावर ठेवून ओढत आणायचं.

आणखी एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली. बुडणारा माणूस ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो. तो हात हलवून बोलावतही नाही. त्याचं डोकं मागे पडतं, तोंड पाण्याच्या रेषेवर येतं आणि जातं, हात पाण्यावर दाबले जातात, शिडी चढत असावा तसे. काठावरून ते खेळल्यासारखं दिसतं. "ज्याला दिसेल त्याने कुणाला विचारत बसू नये," असं सरांचं वाक्य होतं.

दोर फेकण्यात मी सगळ्यांत पुढे होते. जोडीने करायच्या सरावात मला जोडी मिळाली नाही. इतरांनी एकमेकांना ओढलं. मी वाळूचं पोतं ओढलं. श्वास देण्याच्या सरावात रोज शेवटी उभी राहिले. रांग संपेपर्यंत हातात बोळा धरून थांबायचं. थांबणं मला जमू लागलं होतं.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. सोमवारी तिला नदीवर नेतात. कामाला सुरतेला गेलेली माणसं तिच्या प्रसादाचे रोट खायला परत येतात आणि गाव दुप्पट होतं. त्या सोमवारी केशरी जाकीट घालून, दोराची पिशवी घेऊन मी घाटाच्या पाण्यालगतच्या पायरीवर उभी होते. माझी जागा आम्हा स्वयंसेवकांच्या पथकाने ठरवून दिलेली होती.

नाना आले. नाना माजी सरपंच, उत्सव समितीचे प्रमुख. आम्हा स्वयंसेवकांची नावं त्यांनीच पुढे पाठवली होती, माझंसुद्धा. मला ते 'माय' म्हणत. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशीही नाही.

"माय, तू वर निंबखाले बस."

"नाना, माझी जागा इथे ठरलीय." जाकीट अंगात असलं की मी शाळेची मराठी बोलत असे.

"माले समजस. पन सनना दिन शे. कानबाई पानीमा जाई राहिनी अन् पायरीवर मढंकाढ्यानी पोर. बाया देखतस अन् दचकतस. बरं दिसस का? काम पडनं तं हाक मारसूत ना."

मी म्हणाले, "बरं, नाना."

निंबाच्या पारावर जाऊन बसले. तिथून पाणी स्वच्छ दिसत होतं.

कानबाईला निरोप देऊन झाला. बाया कमरेएवढ्या पाण्यात एकमेकींवर पाणी उडवत होत्या. घाटावर डीजे चालू होता. घोळक्याच्या कडेची एक जण हसत हसत मागे सरकली. तिच्या मागे वाळू उपसून झालेला खड्डा होता. तिचा पाय सुटला असणार. तिचं डोकं मागे पडलं. हात पाण्यावर दाबले गेले. तोंड वर आलं, खाली गेलं, वर आलं. जवळच्या दोघी तिच्याकडे पाहून हसत होत्या.

मला दिसलं. शंका नव्हती. शिकवलं होतं तसंच दिसत होतं.

मी उभी राहिले. आणि नानांकडे पाहिलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. पाण्याकडे त्यांची पाठ होती. त्यांना फक्त मी उठलेली दिसले. त्यांनी हाताने खूण केली, बस.

मी बसले नाही. उतरलेही नाही. ओरडलेही नाही. दोराची पिशवी माझ्या हातात होती.

डीजेवर तेच गाणं अजून चालू होतं, तेवढ्यात एक बाई किंचाळली. गाणं बंद झालं. पोरं पाण्यात उतरली, पथकातले उतरले. जिथे ती शेवटची दिसली त्याच्या अलीकडेच सगळे बुड्या मारत होते. काठावरून कुणी म्हणत होतं, सापडेल, सापडेल. नाना पायरीवर उभे राहून ओरडून पोरांना जागा दाखवत होते. वर पाहत नव्हते. गावाची आस होती तोवर त्यांनी वर पाहिलं नाही.

मग पाहिलं. हात हलवला.

मी धावले. केशरी जाकीट घातलेली आबाची पोर धावली. स्वयंसेवक त्या पारावरच उभी राहिली, आजही तिथेच आहे.

जाकीट पायरीवर फेकून मी बुडी मारली. पहिल्याच बुडीत ती सापडली, खड्ड्याच्या उताराशी. पायरीवर आणून आडवी केली. हनुवटी वर उचलली आणि तोंडावर तोंड ठेवलं. मागून एका म्हातारीचा आवाज आला, "तोंड लावू दिऊ नका वं तिले!" कुणीतरी माझा खांदा ओढला. मी हात झटकला. श्वास, छाती दाबणं, पुन्हा श्वास. जीप येईपर्यंत, जीपमध्ये, ग्रामीण रुग्णालयाच्या दारापर्यंत. डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि मला श्वास देणं थांबवायला सांगितलं. ती गेली होती.

आबा काढलेल्या माणसाचं नाव कधी विचारत नाही. मी विचारलं. ज्योती. माझ्याच वयाची.

संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला नानांच्या ओसरीवर बसला. नानांनी मला आत बोलावून चहा दिला. त्यांच्या घरचा चहा मी पहिल्यांदा पीत होते. कप काचेचा होता, त्यांच्या पाहुण्यांचा. माझा जबाब त्यांनी स्वतःच सांगून लिहवला होता. हाक मिळताच स्वयंसेविकेने तत्काळ पाण्यात उडी घेतली आणि शर्थीचे प्रयत्न केले. मी वाचलं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

"सही कर, माय," नाना म्हणाले. "पंधरा ऑगस्टले ग्रामपंचायतमा तुना सत्कार करसूत. शाल अन् नारळ."

आबाला नारळ आणि बाटली मिळायची.

मी हवालदाराला म्हणाले, "यात भर घाला. हाकेच्या आधी मी तिला बुडताना पाहिलं. मी गेले नाही. मला पायरीवरून हलवून निंबाखाली बसवलं होतं. का बसवलं तेही लिहा."

हवालदाराचं पेन थांबलं. त्याने नानांकडे पाहिलं. दिवसभर मी तेच केलं होतं.

"अशी बोलू नको," नाना म्हणाले. "हाई बठ्ठं तुनावरच येई."

"येऊ द्या."

"तुना काय दोष? हाक उनी अन् तू गई."

"हाक उशिरा आली. आणि मी तिची वाट पाहिली. दोन्ही लिहा."

 नाना मला माफ करायला बसले होते. मी ती माफी घेतली असती तर त्यांची आपोआप झाली असती. गावाचीही. एका ओळीत सगळे सुटलो असतो. मला सुटायचं नव्हतं, आणि त्यांना सोडायचंही नव्हतं. कप अर्धा भरलेला होता. तो तसाच ठेवून मी उठले आणि हवालदाराने माझं वाक्य लिहीपर्यंत त्याच्यासमोर उभी राहिले. मग सही केली.

त्या कागदाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मला कुणी बोलावलं नाही. नानांनाही बोलावल्याचं ऐकलं नाही. सत्कार झाला नाही. जाकीट परत मागून घेतलं. नाना आता रस्त्यात दिसले तर मोबाइल कानाला लावतात.

ज्योतीची आई एकदा दुकानात आली. तिला औषध नको होतं. काउंटरला धरून उभी राहिली आणि एकच विचारलं, "तिनी तुले देखं व्हतं का?"

मी खाली पाहिलं. जाकिटाचा रंग केशरी असतो. पाण्यातल्या माणसाला लांबून दिसावा म्हणूनच तो तसा असतो. निंबाच्या हिरव्या पानांखाली तर आणखी उठून दिसत असेल.

"दिसले असेन, मावशी," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वस्तीमागच्या डोहात आता मी शिकवते. बाया येतात, माणसं येतात. पुतळा नाही, एकमेकांवरच शिकतात. बोळाही नाही, क्रमही नाही. आबा सुरुवातीला काठावर बसून पाहायचा. एके दिवशी मी त्याला बुडणारा केलं. पाठीमागून गेले, हनुवटी धरली, ओढत काठाला आणलं. हाताखाली त्याचा गळा धडधडत होता. जिवंत माणूस मी स्वतः पहिल्यांदा ओढत होते. पोत्यासारखा तो मुळीच नव्हता.

श्रावण जवळ आला आहे. कानबाई येईल. मी पाण्यालगतच्या त्याच पायरीवर उभी राहणार आहे. जाकीट नाही. दोर माझा आहे. आणि नाना माय म्हणोत की आणखी काही, त्या पायरीवरून मी हलणार नाही.

आबाला हे काल सांगितलं. तो दोरीला गाठ मारत होता.

"अन् हाक नही उनी तं?"

"तरी उतरानं."

"मारतीन."

"मारू दे. पहिले मानूस बाहेर काढानं. मंग मार खावाना."